शेजारी बदली होऊन गेले, लॅब्रॅडॉर मागे ठेवला. त्याचं काय करू? आणि रविवारी निवाऱ्यात काम करायचं असेल तर?

तापीकाठची (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. पप्पा लोको पायलट आहेत, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. समोरच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाची बदली झाली. टेम्पोत फ्रिज गेला, कूलर गेला, तुळशीची कुंडीही गेली. सिंबा तेवढा राहिला. लॅब्रॅडॉर आहे, सहा-सात वर्षांचा असेल. जाताना काकू मम्मीला म्हणाल्या, "तिकडे फ्लॅट आहे, सोसायटीवाले ठेवू देत नाहीत, तुम्ही थोडं लक्ष द्या." आता फोन उचलत नाहीत.

तो त्या कुलूप लावलेल्या दारासमोरच बसलेला असतो. कॉलनीतली कुत्री त्याला कचराकुंडीपर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी देते, पण पोट बिघडलंय, आणि खाऊनही बरगड्या दिसायला लागल्यात. एक कान सारखा झटकतो, त्याला वास येतो. मम्मी त्याला घरात घेऊ देत नाही. चावला तर रेबीज होईल, ही तिची भीती. वरून मे महिना तोंडावर.

विचारायचंय ते असं. याला ठेवून घेईल अशी सरकारी जागा असते का? सोडून जाणाऱ्यांची तक्रार करता येते का? आणि सिंबामुळे डोक्यात आलेलं अजून एक: रविवारी प्राण्यांच्या निवाऱ्यात जाऊन काम करावं म्हणते. रविवार सोडून वेळ नाही आणि कुत्र्यांमधलं मला काही कळत नाही. अशा माणसाचा तिथे उपयोग होतो का, की उगाच मधेमधे?

आप्पा_चोपडेकर

ताई, एवढं काय त्यात. आमना वावरमा बी एक कुत्रं शे. केळीच्या बागेत मोकळं फिरतं, भाकर खातं, रात्री राखण करतं. द्या तुमचा सिंबा पाठवून चोपड्याला. अन् एक बोलतो, राग मानू नका. इथं माणसाला दवाखान्यात खाट मिळत नाही, अन् लोक कुत्र्यांसाठी निवारे बांधून राह्यले.

निवृत्त_व्रणोपचारक (जळगाव)

पोरी, मी पशुसंवर्धन खात्यात व्रणोपचारक होतो, म्हणजे जनावरांच्या जखमा धुणारा-बांधणारा. नोकरी सगळी यावल, रावेर, जामनेर अशी गाई-म्हशींच्या मागे गेली. आता जळगावाबाहेर हायवेलगत प्राण्यांचा एक पत्र्याचा शेड आहे, तिथे सकाळी जातो. तिथले सगळे मला नाना म्हणतात, तूही म्हण.

आधी सिंबाचं पोट. दूध आजपासून बंद. वाढलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, आणि आपण दया आली की पहिलं दूधच पुढे करतो. मऊ भात कर, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर बिनहाडाचं चिकन. मीठ, तिखट, फोडणी काही नको. घरात अंडं चालत नसेल तर सध्या दहीभातावर भागव. उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम भरपेट घालायचं नसतं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं दे. उरलेली शेवभाजी, भरीत प्रेमाने वाढू नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तिखटाचं तर बोलायलाच नको. बिस्किटाच्या पुड्यावर कुत्री सांभाळणारेही पुष्कळ आहेत. त्यात साखर आणि मैदा, पोषण काही नाही.

कान. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत हवा जात नाही, म्हणून त्यांना हे दुखणं पुन्हा पुन्हा होतं. कोमट तेल घालू नको. आपल्याकडे तेल हा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज आहे, पण पडदा फाटलेला असेल तर घोटाळा होतो. डॉक्टर आत बघून साफ करतील, थेंब देतील. कधी आत नुसता गोचीड बसलेला असतो.

खाऊनही बरगड्या दिसतात, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. ओठ उचलून हिरड्या बघ, गुलाबी हव्यात. फिकट दिसल्या तर गोचीड तापाचा संशय घ्यायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे शोध, सापडतीलच. रक्त तपासून घे. या तापात प्लेटलेट उतरतात, ते तुला लॅबवालीला मी काय सांगू. वेळेत कळलं तर डॉक्सीसायक्लीनचा तीन-चार आठवड्यांचा कोर्स असतो, औषध महाग नाही. पण डोस डॉक्टरांनी वजन करून ठरवलेला हवा, मेडिकलवाल्याच्या अंदाजाने नको.

तपासणीसाठी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथे कुत्र्याचाही केसपेपर निघतो. १९६२ हा टोल फ्री नंबर मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुरांसाठी आणि फिरत्या दवाखान्यासाठी. विचारून बघायला हरकत नाही. ठेवून घेणारी सरकारी जागा मात्र मनातून काढून टाक. पालिकेचे पिंजरे असतात ते नसबंदीपुरते. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, टाके सुकेपर्यंत ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. कानाला खाच मारलेली कुत्री दिसतात ना, ती यातलीच.

हे सोडणं लोकांना निर्दयपणा वाटतो. मला वाटत नाही. गावठी कुत्रं त्याच्या गल्लीचं असतं. दुपारी कोणत्या ओट्याखाली सावली, कोणत्या घरातून शिळी भाकर, कोणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हे त्याला पाठ असतं. ते उचलून नेलं तर त्या रिकाम्या जागेत महिन्या-दोन महिन्यांत दुसरी बिननसबंदीची कुत्री येऊन बसतात. सिंबाचं नेमकं उलटं. त्याला गल्ली माहीत नाही, गाडी माहीत नाही, भांडण माहीत नाही. अंगावर दुहेरी केस, आणि आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. गल्लीतलं कुत्रं उन्हाळा काढतं, सोडून दिलेला लॅब्रॅडॉर काढेल याचा भरवसा नाही.

म्हणजे निवाऱ्यातली जागा सिंबासारख्यांसाठीच असायला हवी, बरोबर? पण आमच्याकडे ती आधीच भरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला, कंबर मोडलेली कुत्री येतात. ती मागचे पाय ओढत चालतात, त्यांची लघवी दिवसातून काही वेळा हाताने पोट दाबून काढावी लागते. ती कुठे जाणार? त्यात सिंबा आला की त्याच्याबरोबर त्याचे गोचीड येणार, आणि आमच्याकडचं काही त्याला लागणार.

तेव्हा त्याला निवाऱ्यात टाकू नको. घर मिळेपर्यंत तूच सांभाळ, घरात नाही तर व्हरांड्यात. गोणपाट अंथरू नको, त्यात गोचीड लपतात. जुनी चादर घाल, ती उकळत्या पाण्यातून काढता येते. भिंतीच्या भेगा बघ, कारण पोट भरलेली मादी अंगावरून उतरते आणि भेगेत हजारोंनी अंडी घालते. नुसतं कुत्र्यावर औषध मारून गोचीड संपत नाहीत. गळ्यात पट्टा घाल, पट्ट्यावर तुझा नंबर लिही. दुपारी जास्त धापा टाकायला लागला, लाळ गळायला लागली, तोल जायला लागला तर सावलीत घे, पोटाला, पंजांना आणि जांघेत साधं पाणी लाव, वारा घाल आणि डॉक्टर गाठ. बर्फाचं पाणी ओतू नको.

घर शोधताना जाहिरातीत "फुकट" हा शब्द नको आणि खोटं काही नको. वय, कानाचं दुखणं, मुलांशी कसा वागतो, सगळं लिही. देण्याआधी नसबंदी करून घे. नसबंदी न झालेला लॅब्रॅडॉर नर दिसला की "प्रेमी" लोकांचे फोन सुरू होतात, त्यातल्या काहींना पाळायचा नसतो, पिल्लांचा धंदा करायचा असतो. नसबंदी झालीय म्हटलं की ते आपोआप गळतात. जो नेणार त्याचं घर स्वतः बघून ये. भाड्याचं असेल तर घरमालकाला विचार, नाहीतर वर्षभरात हीच कथा दुसऱ्या दारात.

आप्पा, तुमचा मान राखून सांगतो, वावर नको. जातिवंत कुत्र्यासाठी "शेतावर द्या" हा प्रस्ताव मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि सगळ्यात जास्त नाकारतो. चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या अंगाला बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्रं सोपं. डुकरांसाठी तारेत सोडलेला करंट, उंदरांसाठी ठेवलेलं औषध, फवारणीच्या पाण्याचं टिपाड. तुमचं गावठी शहाणं आहे, तिथेच वाढलंय. सिंबा ते टिपाड पिऊन मोकळा होईल. आणि खाटेचं म्हणाल तर माणसांची खाट आमच्या शेडाने अडवलेली नाही.

तक्रारीचं सांगतो. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. हो, १९६०चेच रुपये, अजून. पन्नासात आज शेवभाजीची प्लेट येत नाही. तेव्हा पोलिसांत जायचा हक्क आहे तुला, पण त्याआधी त्यांना मेसेज टाक: "कुत्रा परत नेणार आहात की कायमचा सोडत आहात, लिहून कळवा." कायमचा म्हणाले तर तेच तुझं कागदपत्र. उद्या नवीन घरी जाऊन कोणी हक्क सांगायला नको.

आणि रेल्वेतल्या माणसाने कुत्रा मागे ठेवून जावं, हे मला पटत नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घेतला तर सोबत नेता येतो, नाहीतर पार्सल ऑफिसात बुकिंग करून गार्डाच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. मात्र एप्रिल-मेमध्ये त्या पेटीत घालू नये. सोसायटीचंही तसंच. कुत्रा पाळायला सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, असं पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. हेही त्या मेसेजमध्ये घाल, बघ काही फरक पडतो का.

रविवारचं संध्याकाळी लिहितो. आत्ता ड्रेसिंगची वेळ झाली.

देवपूरची_मांजरवाली (धुळे)

नानांनी कुत्र्यांचं सगळं सांगितलं, मी मांजरांची बाजू जोडते, कारण निवाऱ्यात दोन्ही असतात. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. आपल्या घरातली अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधं, परमेथ्रिन असलेली, मांजराला विष असतात. सिंबावर फवारलं आणि कॉलनीतली मनी त्याला बिलगून झोपली, तरी पुरतं. फिनेलने पुसलेल्या फरशीवर चालून ती पंजे चाटतात, म्हणून मांजरांच्या खोलीत फिनेल नको.

मम्मीच्या भीतीबद्दल. रेबीजची भीती खोटी नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालू नकोस. सिंबाला लस टोचून आण आणि कार्ड तिच्या हातात दे. चावलं-ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायची नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे लस मोफत असते. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं, ते आठवणीने विचारायचं. आमच्या घरी आईने उंबरठा ही हद्द ठरवली होती. ओट्यावर काहीही ठेव, उंबरठ्याच्या आत नाही. पावसाळ्यात मांजराच्या पिल्लांना तिनेच आत घेतलं, मी काही बोलले नाही.

आणखी एक. तू स्टेशनजवळ राहतेस म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारातली कुत्री उचलून नसबंदी-लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवायला सांगितलंय, परत तिथे सोडायची नाहीत. बाकी गल्ल्यांसाठी २२ ऑगस्ट २०२५चा आदेश: रेबीज झालेली किंवा अंगावर जाणारी वगळता इतरांना त्यांच्याच भागात परत सोडायचं. म्हणजे निवाऱ्यांवर अजून भार येणार, आणि कॉलनीतल्या कुत्र्यांना स्टेशनच्या गेटवर खायला घालणाऱ्यांनी ते बंद करायला हवं. आत वस्तीकडे, ठरलेल्या जागी घाला.

निवृत्त_व्रणोपचारक (जळगाव)

धुळ्याच्या ताई, फिनेलचं बरं सांगितलंत.

आता रविवार. काही येत नाही हा अडथळा नाही. आमच्याकडे सगळं येणारी माणसं येतात, ती पिल्लं मांडीवर घेतात, फोटो काढतात आणि पुढच्या रविवारी दिसत नाहीत. आम्हाला हवं असतं ठरलेल्या वेळी येणारं माणूस. महिन्यातून दोनच रविवार येणार असशील तर तसं सांग, पण ते दोन चुकवू नको.

पहिली कामं झाडू, पाणी आणि भांडी. पाण्याच्या सिमेंटच्या कुंड्यांना आतून शेवाळ धरतं, ते घासायचं. फरशी ब्लीचच्या पातळ पाण्याने धुवायची आणि मग साध्या पाण्याने. एक क्रम मात्र मोडायचा नाही: आधी धडधाकट पिल्लांची खोली, आजारी कुत्री सगळ्यात शेवटी. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्यातून पिल्लांपर्यंत पोचतो. रक्ताची हगवण, उलट्या, आणि लस न झालेली पिल्लं भराभर जातात. नवीन माणसाला पिल्लांच्या खोलीत जायची सगळ्यात घाई असते, म्हणून हे आधीच सांगितलं.

तुझा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसतो. आमचं रजिस्टर. कोणाला कोणती मात्रा, किती वाजता, कोणी खाल्लं, कोणाची शी कशी होती. शेडात दोन-तीन माणसं आळीपाळीने असतात, आणि न लिहिलेलं औषध एकतर दोनदा जातं नाहीतर जातच नाही. नमुन्यावर नाव-वेळ लिहायची तुझ्या हाताला सवय आहे. ती सवय आम्हाला पैसे देऊनही मिळत नाही. डॉक्टर असतील तेव्हा ते रक्त काढतात तेही शेजारी उभी राहून बघ. कुत्र्याची शीर पुढच्या पायावर सापडते, केस ओले करून.

भेदरलेल्या कुत्र्याजवळ बसणं हेही काम आहे. पिंजऱ्यात जायचं, त्याच्याकडे पाठ नाही तर कूस करून बसायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात पुढे करायचा नाही. मोबाईल बघत बसलीस तरी चालेल. काही तासांनी ते वास घ्यायला येतं, कधी चौथ्या रविवारी येतं. घरातून टाकलेल्या कुत्र्यांना याचा फार उपयोग होतो, कारण नवीन घर बघायला आलेल्या माणसासमोर ती कोपऱ्यात गेली की माणूस दुसरं कुत्रं मागतो.

येण्याआधी स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस घे. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग २१व्या किंवा २८व्या दिवशी, अशा तीन मात्रा. चावण्याआधीची ही लस बहुधा विकत घ्यावी लागते. मग पुढे कधी चावलं तरी दोनच मात्रा लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, सीरम लागत नाही. मम्मीला हे सांग, तिला बरं वाटेल. धनुर्वाताचंही बघून घे.

तापीकाठची (भुसावळ)

नाना, ताई, खूप आभार. सिंबाच्या हिरड्या फिकटच निघाल्या. दवाखान्यात नेला, गोचीड तापच आहे, प्लेटलेट बऱ्याच खाली होत्या. गोळ्या सुरू झाल्या. कान साफ करताना त्याने एवढा आरडाओरडा केला की बाहेर म्हशीला घेऊन आलेले काका आत डोकावले. दूध बंद केल्यापासून पोट ठीक आहे. पप्पांनी व्हरांड्यात हिरवी नेट बांधून दिली, मम्मी भात करून देते पण वाढते लांबूनच, उलथन्याने.

काकूंचा मेसेज आला, "तुम्हीच ठेवा किंवा कोणालाही द्या." बाकी एक ओळ नाही. स्क्रीनशॉट ठेवलाय. गोळ्या संपल्या की नसबंदी. लस पहिली घेतली मी. तिसरी झाली की रविवारी जळगावला येते. सोबत काय आणू?

निवृत्त_व्रणोपचारक (जळगाव)

नसबंदीआधी प्लेटलेट परत तपास, कमी असताना ऑपरेशन नको, रक्त थांबत नाही.

सकाळी सातच्या आत ये, दहानंतर पत्रा तापतो. जुनी पूर्ण पँट, बंद बूट, ते बूट घरी बाहेरच ठेवायचे आणि सिंबाजवळ जायच्या आधी कपडे बदलायचे. ओढणी, कानात लोंबतं काही नको. आणायचं तर जुन्या चादरी आणि रद्दी. महागडं डॉग फूड नको, लोक एक पिशवी आणतात, कुत्र्यांना चव लागते आणि मग आठवडाभर भाताकडे बघत नाहीत.

आप्पा_चोपडेकर

नाना, तुमच्याकडे रोजचा भात म्हणजे तांदूळ बराच लागत असेल. कणी चालते का? मिलवर स्वस्तात मिळते. माझी गाडी जळगावला येतच असते.

निवृत्त_व्रणोपचारक (जळगाव)

कणी उत्तम चालते आप्पा. पोरकिडा नाही एवढं पोत्यात हात घालून बघा, आणि उन्हात ठेवून मग पाठवा. तुमच्या वावरातल्या कुत्र्याची नसबंदी, लस झालीय का, तेही याच गाडीने कळवा. आणि सिंबा मिळणार नाही, ते पुन्हा विचारू नका.